वानखडे सिस्टरची साखळी

वानखडे सिस्टरकडे कुत्रं मागायला गेलेल्या माणसालाच आधी बांधलं जातं. थट्टा नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी अंगणातल्या खुंटाला, आणि भर दुपारी तासभर बसायचं. "पयले तू बस," सिस्टर सांगतात, "मंग कुत्र्याले बांधजो."

मी शेजारी राहतो. त्यामुळे देऊळघाटातला हा फुकटचा तमाशा मला घरबसल्या भिंतीवरून दिसतो. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या. लोक पेन्शनीत देवदेव करतात. यांनी रॉटवायलर, पिटबुल असली दांडगी कुत्री गोळा केली. हौसेने पिल्लू आणायचं आणि ते वासराएवढं झालं की ढाब्यामागे सोडून पळायचं, अशा शहाण्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ती टाकलेली कुत्री सिस्टर आणतात, वळण लावतात आणि घर बघून देतात.

"एखांद्या दिवशी पोरं खाईन ते!" गाव ओरडतं.

"त्याच्या तोंडाले जाळी हाये. तुमच्या तोंडाले काऊन नाही?"

शेरू नावाच्या काळ्या रॉटवायलरवरून मात्र प्रकरण पेटलं. त्याने कुणाला ओरखडाही काढला नव्हता. तरी सरपंचांनी बजावलं, पोळ्याच्या आत याला हलवा, नाहीतर आम्ही जंगलात सोडू. दुसऱ्याच दिवशी दुपारी एका पुढाऱ्याचा मुलगा पांढऱ्या गाडीतून आला. शेतातल्या बंगल्यावर बांधायला त्याला 'खतरनाक' कुत्रं हवं होतं. सिस्टरनी त्यालाच बांधलं. चहाला उकळी यायच्या आत तो ओरडू लागला, "सोडा न हो बाई!"

"शेरू महिनाभरात इतका भुकला नाही. जाय घरी."

सरपंचांनी कपाळावर हात मारला. "देऊन टाका न सिस्टर, गावाची सुटका!"

"तुमच्या सुटकेसाठी त्याले जन्मभर साखळीत टाकू काय? त्याच्यासंगं गाव सोडीन, पन तिथं नाही देनार!"

अशी बाई शेजारी असली की मलाही जरा ताठ चालावंसं वाटतं.

पोळा तोंडावर आला तेव्हा डोणगावकडचं, भाजीपाला पिकवणारं एक जोडपं आलं. नवऱ्याने निमूट तास काढला. बायको आपणहून त्याच्याजवळ मातीत बसली. सिस्टरनी शेरूला आणलं, तर त्याने थोडं हुंगून तिच्या मांडीवर डोकं टाकलं. फिरवणार कोण, घरात लहान मूल आहे का, सगळी उलटतपासणी झाली आणि शेरू गेला. सिस्टरच्या डोळ्यांत टिपूस नाही.

काही दिवसांनी त्या न कळवता एसटीने डोणगावला जाऊन आल्या. दिलेलं घर असं अचानक जाऊन तपासायचंच, हा त्यांचा शिरस्ता. परतल्या तेव्हा मी फाटकाशीच होतो.

"वळखलं का शेरूनं?"

"हाव! लय नाचला. पन मी निंघाली तं माह्यामांगं आला नाही. त्या बाईच्या पायाजवळ जाऊन बसला. याले म्हंतात काम!" सिस्टर ऐटीत म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून शेरूचा जुना पट्टा काढला. मला राहवलं नाही.

"पट्टा कशाले नेला होता, सिस्टर?"

"घर खराब निंघालं असतं तं त्याले वापस आनाले." त्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिल्या. "घर चांगलंच निंघालं, भाऊ."