अकरा महिने आणि एक दिवस

बापूअण्णा आपल्या भाडेकरूंना दर अकरा महिन्यांनी घराबाहेर काढत आणि दिवेलागणीला त्यांनाच पुन्हा आत घेत. तोवर सगळा संसार रस्त्यावर: पिंप, स्टोव्ह, देव्हारा, म्हातारी माणसं. शेवगावात हे राजरोस चाले आणि कुणाला त्याची लाज वाटत नसे.

मला वाटे. अण्णांच्या चार खोल्यांपैकी शेवटची माझी, आणि भाडेकरूंची संघटना बांधायचं कामही माझंच. पूर्वी गावात भाड्यानं राहणं हीच नामुष्की होती. मग कचेऱ्या वाढल्या, हायस्कूल आलं, बदलीची माणसं आली आणि ज्याच्या त्याच्या गोठ्यातून खोल्या निघाल्या. आमच्या खोल्यांत गव्हाणी अजून शाबूत होत्या. माझी क्रांतीची पुस्तकं मी गव्हाणीतच ठेवत असे.

कूळकायद्यात अण्णांची जमीन कसणाऱ्याकडे गेली होती. आता घर राहणाऱ्याकडे जाणार, ही त्यांची खात्री. वर्ष सलग भरलं की भाडेकरू कूळ होतो, असं कुणा वकिलाच्या कारकुनानं त्यांना सांगितलेलं. मी कलमं वाचून दाखवली. कायद्यात असं अक्षर नाही!

"तुज्या पुस्तकात नसंल," अण्णा म्हणाले. "जमिनीच्या टायमालाबी आदी न्हवतंच."

ठरलेल्या दिवशी उजाडताच दारावर काठी वाजे. "उठा. आज तुमी माजे कोन न्हाई." मग ट्रंकेचं दुसरं टोक अण्णाच धरत. दुपारी बाहेर काढलेल्यांना भाकरीही तेच वाढत. "वाटसरू हाय, उपाशी कसा ठिवायचा?" या ढोंगावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं.

त्या खेपेला पाळी कुलकर्णी भाऊसाहेबांची होती. तहसिलीतले कारकून, हुकूम आला की पाळायचा एवढंच ठाऊक. त्यांची मुलगी सुमन बाळंतपणाला आलेली, बाळाचा पाचवा दिवस. तरी भाऊसाहेब निमूट गाठोडी बांधू लागले! मी दारात आडवा उभा राहिलो.

"बाळंतीण बाहेर निघणार नाही!"

"मंग वरीस भरंल की रं," अण्णा म्हणाले. आवाजात दरारा नव्हता, धास्ती होती. जमीन गेली तेव्हाही असेच उभे असतील.

"भरू द्या!"

आत बाळ रडलं. अण्णांनी काठी खाली घेतली आणि ते आपल्या घरात गेले. गल्ली जमली. मी घोषणेला सुरुवात केली, तेवढ्यात अण्णा डोक्यावर बाज घेऊन बाहेर आले. ती त्यांनी रस्त्यावर टाकली. मग एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक घोंगडं, एक ताट.

"कोनीतरी निघाया पायजे. मी निघालो. आज ह्या घराला मालकच न्हाई. मंग वरीस कुनाच्या घरात भरंल?"

भाऊसाहेबांनी मान डोलावली. "मुद्दा बिनतोड आहे."

माझी घोषणा अर्धीच राहिली. घर, परस आणि चार खोल्यांचा हा मालक, आणि त्याचा संसार एका बाजेवर मावला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलानं पुण्यात स्वतःचं घर बांधलं. तिथं अण्णा एकदा गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले.

दुपारी सुमनच्या आईनं ताट पाठवलं. अण्णा उन्हात बसूनच जेवले.

दिवे लागले तसं मी बाजेचं एक टोक धरलं. "चला अण्णा, झाला दिवस. आत चला."

"थांब रं वाईच."

बाजाराहून परतणारी एक बैलगाडी थांबली. गाडीवान वाकून म्हणाला, "आन्ना, भाईर का वं? काय झालं?"

सकाळपासून असं कितीतरी जणांनी विचारलं होतं. अण्णा लगबगीनं सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस की. सांगतो."

आणि पार जमीन गेली तिथपासून सुरुवात केली. मी धरलेलं टोक हळूच सोडलं.