एकच झाड, पाच कुंड्या

तेरा कलमांपैकी तीन जगतील, असा मार्फा कालमाकोफचा हिशेब होता. दरवर्षी तेवढीच जगत. या ऑगस्टमध्ये तेराच्या तेरा जगली.

त्यांची आई मार्फाच्या निजायच्या खोलीतल्या कपाटात, दिव्याखाली उभी होती. तिला घरात ‘थोरली’ म्हणत. अकरा वर्षांपूर्वी मार्फाच्या नवऱ्याने, पावेलने, हे गांज्याचं रोप कूटनीच्या डोंगरातून कोटाच्या बाहीत लपवून आणलं होतं. तेव्हा पोलिसांची हेलिकॉप्टरं डोंगरावर घिरट्या घालत. पुढे गांजा कायदेशीर झाला, पावेल गेला आणि थोरली राहिली. तिचं बी नव्हतं. दिवसाला अठरा तास उजेड मिळाला की ती फुलावर येत नसे, नुसती वाढत राही, आणि तिच्या फांद्या कापून नवी रोपं करता येत. मार्फाच्या गुडघ्यांना चालायचं ते मलम त्याच रोपांचं.

अडचण नियमाची होती. गृहसंस्थेत एका घरात चारच झाडं ठेवता येत, आणि मुळं फुटली की ते झाड धरायचं. गुरुवारी धुराच्या घंटा तपासायला अध्यक्ष ग्लेनिस पेट्री घरोघर फिरणार होती.

“जास्तीची उपटून टाक,” वरच्या मजल्यावरचा शेजारी वेंडेल म्हणाला. तो लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाला होता आणि सगळ्यावर त्याच्याकडे सोपे उपाय असत.

“एकही उपटणार नाही. घरं काय कमी आहेत इथे?”

बुधवारपर्यंत नऊ रोपं नऊ घरांत गेली. थोरली आणि तिची तीन पोरं कपाटात राहिली. मुलं आईजवळच चांगली वाढतात, असं मार्फाचं मत होतं. तेरावं ती साफ विसरली. तो कापताना मोडलेला शेंडा होता. तिने तो स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात खोचला होता आणि बोर्श्टच्या, बिटाच्या सुपाच्या, पातेल्यामागे तो दिसत नव्हता.

ग्लेनिसला दिसला.

“पाच,” तिने पाटीवरच्या कागदावर लिहिलं.

“एक,” मार्फा म्हणाली.

“मार्फा, मला मोजता येतं.”

“मग नीट मोज. या सगळ्या थोरलीच्या फांद्या आहेत. पान न् पान तेच. तू हात कापून दुसऱ्या खोलीत ठेवलास म्हणून दोन ग्लेनिस होतात का? एकच झाड आहे, पाच कुंड्यांत.”

“यातला एक तर पेला आहे.”

“बघ, म्हणजे कुंड्याही चारच.”

ग्लेनिसने पेला पुरावा म्हणून उचलला. शिवाय कपाटातली तार जुनी निघाली, म्हणून संस्थेपुढच्या सुनावणीपर्यंत तिथे दिवा लावायला बंदी आली. सुनावणी ऑक्टोबरच्या अखेरीस ठरली. “दोन ओळींचा माफीनामा लिहून दे,” ती जाताना म्हणाली, “पेला परत देते आणि विषय संपवते.”

“आमच्या घरात चार पिढ्यांनी सरकारला सही दिली नाही,” मार्फा म्हणाली. “त्यासाठी माझा आजोबा तुरुंगात बसला. आणि तुला देऊ? तू तर धुराच्या घंटा तपासतेस.”

त्याच संध्याकाळी तिने दिव्यासकट थोरली आणि तिची तिन्ही पोरं वेंडेलच्या कोठीत हलवली. वेंडेलकडे एकही झाड नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे ही चार नियमात बसत.

“अठरा तास दिवा,” तिने बजावलं. “सकाळी सहाला लावायचा, रात्री बाराला बंद.”

“कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

वेंडेल सात वाजता झोपे. रिकाम्या कोठीत पाच तास दिवा जळणं त्याला पाप वाटलं. पहिल्या दिवसापासून तो झोपताना दिवा बंद करू लागला, आणि हे तिला सांगून उगीच त्रास कशाला द्यायचा, असा त्याने विचार केला. मार्फाच्या गुडघ्यांनी त्या दिवसांत जिने चढू दिले नाहीत. ती फोनवर विचारी, “कशी आहे?” तो खरं तेच सांगे, “मजेत.”

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वास आला. मार्फा कठडा धरून वर गेली आणि तिने कोठी उघडली. थोरली नखशिखांत फुलली होती. पोरंही फुलली होती.

“किती छान दिसतेय ना?” वेंडेल म्हणाला.

मार्फा दुधाच्या रिकाम्या खोक्यावर बसली. फुलून झालं की गांज्याचं झाड मरतं, आणि फुलावर आलेल्या झाडाचं कलम सहसा धरत नाही. धरलं तरी महिनोन्महिने रुसून बसतं.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “हेलिकॉप्टरांना सापडली नाही रे. तुझ्या काटकसरीला सापडली.”

मग तिने नऊही घरं पालथी घातली. नऊ रोपं नऊ खिडक्यांत होती, दिवस लहान झाले होते, आणि सगळी फुलली होती. शेजारी खूश होते. एकीने तर रोपाला लोकरीची टोपी विणली होती. थोरलीचं न फुललेलं असं जगात एकच रोप उरलं असेल, तर ते ग्लेनिसच्या कार्यालयात होतं, आणि तेही जगलं असेल तर.

मार्फाने कोरा कागद घेतला. वर तारीख घातली. “माझी” एवढं लिहिलं आणि तिथेच थांबली. तो कागद घडी करून खिशात घालून ती खाली गेली.

कार्यालयाचा दिवा जिन्याच्या दिव्याला जोडलेला होता आणि नियमाप्रमाणे कधी विझत नसे. त्याखाली फायलींच्या फळीवर, आता एका कुंडीत, हिरवागार, बिनफुलाचा पुरावा उभा होता. शेजारी चार पेले होते.

मार्फाने सावकाश मोजलं. “पाच, ग्लेनिस.”

ग्लेनिसचे कान लाल झाले. “तो छताला लागला. शेंडे कापावे लागले. आणि सुनावणीपर्यंत पुराव्यातलं काही फेकता येत नाही. पाण्यात ठेवले, तर मुळं फुटली.”

“मुळं फुटली की झाड.”

“एकच झाड आहे,” ग्लेनिस अखेर म्हणाली. “पाच कुंड्यांत.”

“चार पेले आहेत त्यात.”

“मार्फा.”

“नाही, पटलं मला. एकच झाड.” मार्फाने खिशातला कागद काढला, दोनदा दुमडला आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली नीट सरकवला. मग तिने दोन्ही हातांत दोन-दोन पेले उचलले. “म्हणजे हे मी नेले तरी तुझा पुरावा इथेच आहे, सगळाच्या सगळा. आता दार उघड, माझे हात भरलेत.”

ग्लेनिसने उठून दार उघडलं.