पावणेएकोणीस सेकंदांचा दाखला

रहिवासी दाखले देणाऱ्या शाखेत पहिला संगणक आला, त्याच दिवशी मुख्य लिपिकांना त्या पदावर बढती मिळाली. आपण आणि यंत्र एकदमच सेवेत रुजू झालो, असं ते अभिमानाने सांगत. यंत्र काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवी आणि कार्यालयातल्या एकमेव गार खोलीत राही. साहेबसुद्धा तिथे चपला काढून जात.

ते यंत्र मिळावं म्हणून मुख्य लिपिकांनी अहवाल लिहिला होता. रजिस्टर बघून हाताने दाखला लिहायला पाव तास लागे. त्यांनी चाळीस मिनिटं दाखवली आणि 'यंत्रामुळे हा वेळ निम्म्यावर येईल' असं पुढे जोडलं. यंत्र मंजूर झालं.

मग त्याच कंपनीची नवी मॉडेलं येत गेली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तोच अहवाल फक्त मॉडेलचा क्रमांक बदलून वर पाठवला. दुसऱ्याला रंग आणि माऊस होता; माऊसचा सराव व्हावा म्हणून शाखा वर्षभर पत्ते खेळली, ते प्रशिक्षण म्हणून नोंदलं गेलं. तिसऱ्याला बाहेरच्या जगाची तार जोडली. चौथं इतकं सडपातळ, की जुनी फ्लॉपी घालायला त्याला तोंडच नव्हतं. अकरा वर्षांच्या नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागल्या. पाचवं दर पंधरवड्याला नवा पासवर्ड मागे, आणि तो जुन्यासारखा वाटला तर रुसे. सहाव्यात फायलीच नव्हत्या. त्या कुठेतरी ढगात असतात, असं बसवणारा सांगून गेला. सातवं बोलायचं. "मी आपली काय मदत करू?" असं दिवसातून दोनशे वेळा विचारी, आणि मदत सोडून सगळं करी.

रांग मात्र मॉडेलागणिक लांबत गेली. मुख्य लिपिकांना ते दिसत होतं, पण रांगेवर अहवाल मागवण्याची पद्धत नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एक तपासनीस आला. सभ्य, अबोल माणूस. त्याने सातही अहवाल मागवले आणि दुपारपर्यंत आकडेमोड केली.

"चाळीस मिनिटं सात वेळा निम्मी केली," तो म्हणाला, "की एका दाखल्याला पावणेएकोणीस सेकंद. बरोबर?"

"अहवालात असेल तर बरोबरच," मुख्य लिपिक म्हणाले.

"दिवसाला साठ दाखले. म्हणजे दहाला उघडलेली शाखा दहा वाजून एकोणीस मिनिटांनी मोकळी. उरलेला दिवस सहा माणसं काय करतात, ते उद्या सांगा. नाहीतर पाच जागा रद्द."

मुख्य लिपिकांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवणाच्या सुट्टीत ते टायपिस्टबाईंसमोर जाऊन बसले. बाईंना सगळे ताई म्हणत. टाइपरायटरपासून सातव्या मॉडेलपर्यंत सगळं त्यांच्याच बोटांनी चाललं होतं.

"खरं सांगून टाका," ताई डबा उघडत म्हणाल्या.

"खरं सांगितलं तर माझी नोकरी जाते."

"आणि नाही सांगितलं तर आमची." त्यांनी झाकणात थोडं वाढून पुढे सरकवलं. "जेवा आधी. सातही अहवाल टाइप मीच केलेत."

यामुळे त्यांना थोडा धीर आला आणि बरीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासनिसाला खुर्ची दिली, रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याचा अर्ज घेतला आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

ताईंनी पासवर्ड घातला. त्याची मुदत कालच संपली होती. नवा घातल्यावर यंत्राने आधी स्वतःला अद्ययावत करायला घेतलं. मग म्हाताऱ्याचा पत्ता चौकटीत मावेना. मग ढगाशी संपर्क तुटला. "मी आपली काय मदत करू?" यंत्राने विचारलं, आणि म्हाताऱ्याने त्याला गुडघेदुखीपासून सगळं सांगितलं. दाखला हातात पडला तेव्हा सत्तर मिनिटं झाली होती.

"अहवाल खोटे होते," मुख्य लिपिक म्हणाले. "मीच लिहिले. कारवाई माझ्यावर करा. ही माणसं दिवसभर राबतात."

तपासनिसाला ते लागलं असावं. त्याने आपला लॅपटॉप उघडला, तोही त्याच कंपनीचा, आणि तपासणीचा तक्ता भरायला घेतला.

"सत्तर मिनिटं लिहिता येत नाहीत," तो म्हणाला. "चौकट सेकंदांची आहे. दोनच आकडे मावतात."

"मग?"

"नव्याण्णव लिहितो."

पुढचं त्याच्या लॅपटॉपने स्वतःच लिहिलं: एका दाखल्याचा वेळ पाचपट वाढला आहे, यंत्र जुनाट झालं आहे, आठवं मॉडेल तातडीने द्यावं. नोकऱ्या वाचल्या. कबुलीजबाबासाठी चौकटच नव्हती, म्हणून तोही बाद झाला. मुख्य लिपिकांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं ताईंच्या लक्षात आलं, हे त्यांच्याही लक्षात आलं.

आठव्या मॉडेलची खुबी अशी, की ते शाखेत आलंच नाही. अर्जदाराने घरी बसून आपला दाखला आपणच काढायचा. शाखेला लागणारा वेळ शून्य सेकंदांवर आला, रांग नाहीशी झाली, सहा माणसं देखरेखीला उरली. या कामगिरीबद्दल मुख्य लिपिकांचा सत्कार झाला आणि ते मानाने निवृत्त झाले.

परवा त्यांना स्वतःलाच दाखला लागला. सकाळी घरच्या संगणकापुढे बसले. पासवर्ड, चौकटी, ढग, सगळं एकहाती केलं. सत्तर मिनिटांनी बायकोने आतून विचारलं, "अहो, झालं का?"

"झालं. घरबसल्या," ते म्हणाले.

पडद्यावर पाच पोकळ तारे उमटले. आमची सेवा कशी वाटली? सेवा कोणी कोणाची केली, याचा विचार न करता त्यांनी पाचही भरून टाकले.

आपणही मागे असाच एखादा दाखला काढला असेल. आपण किती दिले होते?