रानवटांचा गौरव

एका जंगलात, बाळांनो, देव फार स्वस्त होता. पळसाखाली एक दगड होता, बस्स. धुरपा नावाची सायाळ त्याला रोज शेंदूर लावायची आणि वर त्याच्याशी भांडायची. "मेल्या, पाऊस कुठाय?" असं देवाला विचारायला तिला पुजारी लागत नसे.

मग शेषराव कोल्हा जंगलाच्या कडेला राहायला गेला. कडेला रस्ता होता, रस्त्यापलीकडे देऊळ. देवळातली घंटा कानावर पडू लागली, तसा शेषराव सुधारला. आत राहणाऱ्यांना तो रानवट म्हणू लागला.

रानवट म्हणजे रानात राहणारा. शब्द बिचारा गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शेषराव तो नाक मुरडून म्हणे. होता होता रानवट म्हणजे अडाणी झाला, मग ओंगळ झाला, मग चक्क देव नसलेला झाला.

एकदा पाणवठ्यावर शेषरावानं धुरपाला अडवलं. "रानवटांनी खालच्या अंगाला प्यायचं."

"अरे शेषा, तुझ्या आईनं माझ्याच दगडाला नवस केला, तेव्हा तू झालास!"

"हळू बोला हो, धुरपाबाई," शेषराव इकडेतिकडे बघत म्हणाला.

धुरपा खालचं गढूळ पाणी प्यायली आणि दगडापुढे बसून पोटभर रडली. दगड कधीच बोलत नसे, पण तिचं ऐकून घ्यायला दुसरं होतंच कोण?

पुढे शहरातून गळ्यात पट्टा घातलेला एक कुत्रा आला. त्यानं शेषरावाला हुंगलं आणि तोंड फिरवलं. "शी! रानवट!"

शेषरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं लगेच सभा भरवली. "रानवट म्हणजे रानाचा खरा लेक! आपले पूर्वज रानवट, आपला देव रानवट!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे कोल्हे एका दुपारीत रानवट झाले. पळसाखालचा दगड त्यांनी वाजतगाजत पाणवठ्याच्या वरच्या अंगाला नेला, भोवती कुंपण घातलं आणि पूजेच्या पाळ्या आपसात वाटून घेतल्या.

धुरपा शेंदूर घेऊन धापा टाकत आली. दारात शेषरावाचा मेव्हणा उभा होता.

"आत फक्त रानवटांना सोडतात, बाई."

"मुडद्या, पहिली रानवट मीच!"

"आजकाल सगळे असंच म्हणतात," मेव्हणा म्हणाला आणि त्यानं फाटक लावून घेतलं.

तात्पर्य: बाळांनो, कुणी शिवी दिली तर ती जिवापाड जपावी. शिवी निदान आपली तरी असते. तिचा गौरव झाला की ती मोठ्यांच्या घरी जाते, आणि जाताना आपला देवही घेऊन जाते.