दोनशे मीटरचे इंगळे

आमच्या अमरावतीच्या जलतरण तलावावर दिगांबर इंगळे एका तासात फक्त दोनशे मीटर पोहतात. पंचवीस मीटरची एक फेरी जीव खाऊन मारायची आणि मग पायऱ्यांवर पाच-सात मिनिटं पाय हलवत बसायचं. अशा आठ फेऱ्या. त्याच तासात मी चाळीस फेऱ्या मारत असे, म्हणजे बरोबर एक किलोमीटर. तरी लोक थांबून बघायचे ते त्यांनाच.

"थकेल माणूस पळते काय, वानखडे सायेब? दम घ्या, मंग पुरा जीव लावा." हे त्यांचं पेटंट वाक्य. कधी ते सायकलच्या ट्यूबा जोडून एक टोक कमरेला आणि दुसरं शिडीला बांधतात आणि दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखे जागच्या जागी पोहतात. म्हणतात, यानं ताकद येते.

ताकद येत होती, हेच माझं दुखणं होतं. ते अठ्ठावन्न वर्षांचे, मी एक्कावन्नचा. त्यांचं पोट माझ्यापेक्षा चार इंच पुढे. मोजलेलं नाही, पण माझा अंदाज सहसा चुकत नाही. आणि एका फेरीची त्यांची वेळ साडेअठरा सेकंद, माझी चोवीस! वर वेळ मोजायला ते मलाच उभं करायचे, कारण "तुमचा आकडा खोटा नसते."

एकदा अठरा पूर्णांक चार लागले. मी अठरा पूर्णांक नऊ सांगितले. आयुष्यात मुद्दाम चुकवलेला हा माझा एकमेव आकडा. इंगळे म्हणाले, "मंग चूक माझीच," आणि पुन्हा पाण्यात उतरले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

शेवटी मीही किलोमीटर सोडला आणि त्यांच्याच पद्धतीनं फेऱ्या मारू लागलो. मनात एकच होतं, यांना हरवायचं. आणि हा माणूस मलाच शिकवायचा! "डोकं वर काढून काय पायता? समोरून एसटी येऊन राहिली काय?" "हात नुसता फिरवू नका. पाणी धरा, मंग मांगं लोटा."

चौदा महिने लागले. गेल्या रविवारी आम्ही शेजारच्या पट्ट्यांत एकदम उडी मारली. माझा हात भिंतीला आधी लागला. रखवालदारानं घड्याळ दाखवलं: मी अठरा पूर्णांक दोन, ते अठरा पूर्णांक सहा. चार दशांश! मी त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याची वाट पाहत होतो. त्यांनी माझ्या ओल्या पाठीवर अशी थाप मारली, की मला ठसका लागला.

संध्याकाळी ते प्रथमच घरी आले. तासभर बायकोला माझ्या हाताची फेक समजावत होते. मी हरल्यासारखा ऐकत होतो. निघताना चप्पल घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "उद्या याल न, सायेब?"

"काहून नाही येणार?"

"नाई, अकोल्याले होतो तवा दोघं होते असे. शिकले, मले हरवलं, अन् यायचे बंद झाले. मंग तिथं एकट्यानं जावं नाई वाटे."

सोमवारपासून पोहणं बंद आणि सकाळचं फिरणं सुरू, असं मी दुपारीच बायकोला सांगून ठेवलं होतं. ती दारातच उभी होती.

"येतो," मी म्हणालो. "सहा वाजता."

"पावणेसहाले या," इंगळे म्हणाले. "जरा बसू."