भाऊजींच्या नदीला पूल नाही

अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर शाळा सुटली, माफी असावी. पण राग आला की मला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

दिनकर भाऊजी आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. घनसावंगीला तहसिलात कारकून. दर रविवारी आमच्याकडे जेवायचे आणि जेवण झालं की सतरंजीवर वही उघडून नदी पसरायचे. खरी नव्हे, गोष्टीतली. हा खेळ ते औरंगाबादच्या हॉस्टेलात शिकून आलेले. गोष्ट ते सांगणार. आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं, काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते सापशिडीचा फासा ठरवणार. नदीपार पोचलं की त्या माणसाचा खेळ संपला. हे सराफ झाले, सासूबाई हौसेनं दरोडेखोर. मला दिली फुला. तिच्यावर नावाड्याच्या वीस मोहरांचं देणं, आणि नावाडी म्हणजे भाऊजीच. मोहरा म्हणजे चिंचोके. देणं फिटेपर्यंत फुलाला नावेत बसणं बंद.

पहिल्याच रविवारी मी सगळा धीर गोळा करून म्हणाले, "शहागडला गोदावरीवर एवढा मोठा पूल हाये. ट्रकं जाऊन राह्यले. फुला चालत जाईल."

"ह्या गोष्टीत पूल न्हाई, वैनी."

"का न्हाई?"

"वेळ आली की सांगीन."

हे त्यांचं पालुपद. चहात साखर किती विचारलं तरी हेच!

हे आणि सासूबाई कधीच पार झाले. सासूबाई तिकडून चिडवायच्या, "बस तिथंच धुणं धूत!" आणि फुला खरंच धुणं धूत होती. गवऱ्या थापत होती. दोन वर्षं. एकदा विसावी मोहर हातात आली, तर भाऊजी म्हणाले, "फुलाच्या पिशवीचा टाका उसवलाय. पहिल्या रविवारीच सांगितल्तं मी."

खरंच सांगितल्तं! शिवायचं मलाच सुचलं नव्हतं. बारा मोहरा नदीत. माणसानं खोटं बोलावं, म्हणजे नीट भांडता तरी येतं. त्या दिवशी मी भांडी अशी आपटली की परातीला पोचा आला. अजून आहे. पुढच्या रविवारी खरीच पिशवी दुहेरी टाक्यानं शिवून त्यांच्यापुढे टाकली.

दिवाळीनंतर माझ्याकडे पुन्हा एकोणीस झाल्या. भाऊजी हात धुवायला मोरीवर गेले आणि मी वही उघडली. आता काय उसवून ठेवलंय ते बघायचंच होतं. आमच्या काठाबद्दल पानंच्या पानं भरलेली. वाटा, गावं, फुलाच्या शेळीचं नावसुद्धा. मग मथळा, 'पलीकडचा काठ'. खाली एकच ओळ. 'फुला पोचली की रविवार बंद.' पुढची सगळी पानं कोरी.

त्यांची बायको लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेली. खोलीवर स्टोव्ह आहे, रविवारी तो पेटत नाही, हे मला माहीत होतं. तरी राग उतरला नाही. उलट चढला. जेवायला यायला ह्या माणसाला नदी लागते? त्यासाठी मला दोन वर्षं काठावर बसवलं? "वैनी, येत जाऊ का?" एवढं विचारता येत नव्हतं?

ते येऊन बसले. मी फासा टाकला. पाच पडले, विसावी मोहर मिळाली. भाऊजींनी घाईनं वहीची पानं चाळली.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आता मी सांगून राह्यले. पलीकडच्या काठावर एक बाई बसलीय. तिला नावाड्याला काहीतरी सांगायचंय."

"अगं बाई, हिला तोंड फुटलं!" सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

"काय सांगायचंय?" भाऊजींनी विचारलं.

"वेळ आली की सांगीन. पुढच्या रविवारी. जेवायलाच या. अन् त्याच्या पुढच्या बी. नावाड्याचा खेळ आत्ता सुरू झालाय."

मी पिशवी भाऊजींपुढे उलटी केली.

"घ्या मोजून."

त्यांनी एकेक चिंचोका बोटानं बाजूला सारला. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वीस. देणं बराबर फिटलं.