गाडी चुकलेल्यांचे अण्णा

गाडी चुकली की माणसं कपाळाला हात लावतात. आमचे राघूअण्णा सतरंजी पसरायचे.

जे. पी. नगरात आमच्या शेजारचं दार अण्णांचं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घराणं, त्यामुळे बोलण्यात निम्मी कन्नड. मी पडले पुण्याची. सुरुवातीला आम्ही एकमेकांचं मराठी सांभाळून घेतलं. लग्नबिग्न त्यांनी केलं नव्हतं. आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे, चांगली माणसं आहेत बिचारी, पण प्रवासाला निघताना मला अजून त्या दाराची बेल वाजवावीशी वाटते.

एकदा अण्णांसोबत व्हाइटफील्डहून स्टेशनला येताना आमची टॅक्सी अशी अडकली की म्हैसूरची गाडी डोळ्यांदेखत गेली. माझा नवरा आधी ड्रायव्हरवर चिडला, मग ट्रॅफिकवर, शेवटी माझ्यावर. मी साडी बदलत बसले म्हणून म्हणे! अण्णा मात्र जाणाऱ्या गाडीला हात हलवून निरोप देत होते.

"सरी, गेली तर गेली. घाई पण तिच्याबरोबर गेली. आता स्वल्प बसा की!"

आणि पसरली सतरंजी. डब्यातून चित्रान्न, म्हणजे इकडचा फोडणीचा पिवळा भात, निघालं, लिंबाचं लोणचं निघालं. आमच्यासारखीच गाडी चुकलेलं एक कुटुंब लांब उभं राहून भांडत होतं, त्यांनाही अण्णांनी हाक मारून बसवलं. पुढची गाडी लागली तेव्हा उठायला कुणी तयार नव्हतं.

अण्णा प्रवासासाठी सामान भरतच नसत, खोळंब्यासाठी भरत. कपड्यांचा एक जोड आणि बाकी सगळे डबे. विमानतळावर एकदा तपासणीत त्यांचा अडकित्ता काढून घेतला. दुसरा कुणी असता तर तणतणला असता. हे त्या तपासणीवाल्या बाईंना सांगतायत, "अक्का, धार चांगली आहे हां, बोट सांभाळा." सोसायटीत कुणीही गावाला निघालं की विचारायचं, "अण्णा येतायत ना?" मग बिनघोर.

भाऊबीजेला मात्र ते एकटेच पुण्याला जात, थोरल्या बहिणीकडे. एका वर्षी मलाही भावांकडे जायचं होतं, म्हणून बीजेच्याच दुपारच्या एका विमानाची तिकिटं काढली. विमानतळावर पोचलो आणि देवनहळ्ळीच्या बाजूनं आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. विमान आधी लांबलं, मग रद्दच झालं. पुढचं थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. लोकांनी एकच गलका केला. मी मनात म्हटलं, चला, आता सतरंजी!

बघते तर अण्णा जागेवर नाहीत. काउंटरवर गर्दीत घुसून ते चक्क भांडत होते! आधी कन्नडमधून, मग मोडक्या हिंदीतून. आवाज चढलेला. मी घाबरलेच. दंडाला धरून त्यांना खुर्चीवर आणलं.

"अण्णा, अहो तुम्हीच असं केलं तर आम्ही कुणाकडे बघायचं? स्वल्प बसा की!"

ते हसलेही नाहीत.

"व्हिडिओ कॉल लावू या," मी म्हटलं. "तुमच्या अक्का तिकडून ओवाळतील. हल्ली सगळे करतात."

"तिचे डोळे गेले गं," अण्णा म्हणाले. "दोन्ही. आता तिला फोनमधला भाऊ कुठला दिसायला?"

"मग उद्या ओवाळतील की. एका दिवसानं काय बिघडतं?"

"वय बघितलंयस का तिचं? पुढच्या वर्षी ती असेल की नाही, देव जाणे. एक बीज बुडाली की बुडाली. ओवाळायच्या आधी ती मला हातानं बघते. कपाळ कुठं, नाक कुठं. मग केसांवरून हात फिरवते. म्हणते, राघू, वाळलास रे." अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "वर्षातनं तेवढाच एक दिवस गं पोरी. एरवी मला हात लावणारं कोण आहे?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आम्ही. सगळ्यांना खाऊ घालणारा, सगळ्यांना बसवणारा हा माणूस. त्याच्या पाठीवर कधी कुणी हात ठेवलाय का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला रडू आलं.

थोरांच्या डोक्यावर धाकट्यांनी हात ठेवू नये, एवढं मला कळतं. तरी ठेवला.

अण्णांनी मान जराशी खाली केली.